निसटलेले: तीन

अर्मिंदा मॅडमना बढतीचा अर्ज भरायचाय.
तक्त्याला सहा रकाने: क्रमांक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष,
लेखकांत कितव्या, गुण.
त्या सांगतात, मी टाइप करतो.
बांबोळीच्या टेकडीवर दुपारचा वारा पडलाय.
झायलीनचा वास माझ्या शर्टालाच काय,
डब्यातल्या हुमणालाही लागतो, असं बायको म्हणते.

मला शीर्षकं आठवत नाहीत.
मला ठोकळे आठवतात.
मेणात बसवलेली गाठ, वाटाण्याएवढी,
काखेतली, मानेतली,
एकदा एका मुलाच्या जबड्यातली.
काणकोणचा होता. नऊ वर्षांचा.
त्याच्या गाठीत आकाश दिसायचं.
पुस्तकातही तसंच म्हणतात, चांदण्यांचं आकाश:
गडद पेशींची दाटी, आणि मध्येच एखादी फिकट,
मेलेल्यांना गिळत बसलेली.
मॅडम म्हणाल्या, ये, बघ, कट किती सुंदर आलाय.
मी बघितलं.
कट सुंदर होता.
बाविसावा निबंध. आठ गुण.

चार मायक्रॉनची फीत कोमट पाण्यावर सोडायची,
सुरकुती पडली तर ब्रशच्या एका केसाने उलगडायची,
तेवढा वेळ श्वास घ्यायचा नाही, नाहीतर उडते.
अठ्ठावीस वर्षांत मी किती तास
श्वास न घेता काढले, त्याला रकाना नाही.
नाव एकदाच छापून आलं, आभारात,
शिरोडकरचं शिरवडकर होऊन.
मॅडमनी दुरुस्तीचं पत्र पाठवलं होतं.
अजून वाट बघतोय.

"एकतिसावा," त्या म्हणतात.
"गोव्यातली त्रेचाळीस प्रकरणं. पहिली लेखक."
मी टाइप करत नाही.
त्यांनाही कळतं का ते.

तक्ता दोन:
बरे, एकोणीस.
मृत, एकवीस.
पाठपुराव्यातून निसटलेले, तीन.

तिघांतला एक, ठोकळा चौदाशे बारा.
फॉर्मवर गाव आगशी, धंदा पोदेर.
केमोच्या सहा फेऱ्या ठरल्या, चार घेतल्या,
मग आलाच नाही.
फोन लागला नाही, कार्ड परत आलं.
त्रेचाळिसांत एक जागा अडवून बसला.

निबंध छापून झाल्यावरच्या मे महिन्यात
पुरुमेंताला चवरीस, सुकी सुंगटं घ्यायला आगशीला गेलो,
तर वळणावर भोंगा वाजला.
सायकल, टोपली, वर निळं प्लास्टिक,
आणि मानेवर डाव्या बाजूला तो व्रण,
बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब.
मी म्हटलं, कायतान?
त्याने पाय टेकला. "तूं कोण?"

काय सांगणार?
मी तुझा चेहरा पहिल्यांदाच बघतोय,
पण तुला आतून ओळखतो, जांभळा आणि गुलाबी?
तोच नाक उडवून म्हणाला,
"तुका हॉस्पितालाचो वास येता."
मग हसला. म्हणाला, चौथ्यांदा ओकलो तेव्हा ठरवलं,
भट्टी पेटवायला कोण आहे मागे?
पीठ फुगलं की ते डॉक्टरची वाट बघत नाही.
माझ्या पिशवीत चार उंडे टाकले,
पैसे घेतले नाहीत,
आणि भोंगा वाजवत उतारावरून गेला.

सोमवारी मॅडमना सांगितलं.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
खणातून निबंध काढला,
पेन्सिलीने तीन खोडून दोन केले.
"एकोणिसाचे वीस करू?" मी विचारलं.
"बरा म्हणायला तपासणी लागते, रोहिदास."
मग समासात, बारीक अक्षरांत, एकच शब्द: जिवंत.
तेवढी प्रत सोडली तर
जगभर तो अजून निसटलेलाच आहे.

"पाव आणतोस अजून?" आता त्या विचारतात.
"शनिवारी."
पंखा फिरतो. कर्सर लुकलुकतो.
"लिही. दहा गुण."
मी लिहितो.
"बत्तिसावा."
"लेखकांत कितव्या?"
"चौथी."
"म्हणजे दोनच गुण, मॅडम."
"असू दे," त्या म्हणतात, आणि चष्मा पुसत राहतात.