नववा चौकोन

कुमुद तळपदे कांदेवाडीतला आमचा अरुंद जिना
कडेकडेनं चढायच्या,
सव्वाबारा इंचांचा पुठ्ठा छातीशी आडवा धरून,
जसं काही त्यात दूध होतं
आणि ते हिंदकळता कामा नये.
पर्समध्ये स्वतःचं भिंग.
आमच्या भिंगावर त्यांचा विश्वास नव्हता.

सन चौऱ्याहत्तर. मी छापखान्यात प्लेटा पुसणारा पोऱ्या.
सतारीची एक तबकडी निघायची होती.
शेठचं म्हणणं सरळ: वर बुवांचा फोटो टाका,
शाल, मिटलेले डोळे, मागे समई.
पैसे मात्र दोनच रंगांचे.

बाईंनी आणले सोळा चौकोन.
चार ओळी, ओळीत चार,
सगळे गेरूचे.
पहिल्यात काळं भरीव वर्तुळ,
पाचव्यात आणि तेराव्यात एकेक काळी रेघ,
आणि नववा
नुसता कागद.

फोरमन म्हणाला, बाई, एक राहिलाय.
राहिला नाही, ठेवलाय.

शेठ म्हणाले, हे काय, न्हाणीघराच्या लाद्या?
बाई काही बोलल्या नाहीत.
त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं,
आधीच टोक असलेल्या.

मला तेव्हा कळलं,
रंग छापणं सोपं असतं.
कोऱ्या जागेवर काही पडू न देणं,
एक केस, रुळावरची एक धुळीची कणी,
माझ्याच अंगठ्याचा शाईचा वास,
हे काम वेगळं.
भिंग लावून बाईंनी चौदा कागद बाजूला काढले
आणि मी चौदा वेळा मनात शिवी दिली.

तिसऱ्या दिवशी दस्तगीर मिरजकर आले.
मागच्या तबकडीवर त्यांच्या नावात
एक काना जास्तीचा पडला होता,
म्हणून या वेळी स्वतःच बघायला आले,
मागच्या बाजूला, सगळ्यात बारीक टायपात,
सतारीखाली तबला.
नाव बरोबर होतं.
जाता जाता दोरीवर वाळणारा कागद दिसला
आणि ते थांबले.

बोट न लावता, हवेतच,
एकेका चौकोनावरून जाऊ लागले.
नवव्याशी त्यांचा तळवा उलटा झाला, उघडा,
पाणी सोडावं तसा.
सोळा संपले, हात पुन्हा पहिल्या काळ्या वर्तुळावर
असा उतरला
की दोरी हलली.

बाईंना तबला येतो?

छे, त्या म्हणाल्या. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी
काचेमागे एक म्हातारे गृहस्थ
मांडीवर टाळी देत बसले होते.
एका जागी त्यांची टाळी पडायचीच नाही.
मला वाटलं चुकतात.
पण दर वेळी तिथेच चुकत होते,
म्हणून मोजलं.

दस्तगीरभाई इतके हसले
की मशीन बंद करावं लागलं.
एक कागद मागितला.
सुरळी करू लागले तेव्हा बाईंनी तो काढून घेतला
आणि आपल्या पुठ्ठ्यासकट दिला.

तबकडी फार खपली नाही.
पुढे कंपनी गेली, छापखाना गेला,
त्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात,
त्यावरही चौकोन असतात.

परवा दहिसरच्या घरात माळा आवरताना
माझी प्रत सापडली.
वाजवायला यंत्र नाही.
उजेडात धरली तर चौकोनांवर एक वर्तुळ उमटलेलं,
गेरू झिजून, फिकट, कडेच्या जवळून जाणारं.
बाईंच्या कंपासाचं नाही.
आतली तबकडी पन्नास वर्षं
आतून टेकून होती,
तिनं काढलेलं.

चष्म्यावर भिंग धरून मी ते पाहत गेलो,
वरून उजवीकडे, खाली, मग डावीकडून वर.
तेराव्यातून ते नीट जातं.
पाचव्यात पुन्हा दिसतं.
मधे नवव्यात
झिजायला काही नव्हतं.