लेडीज बाजू

सुदर्शन टॉकीजला जाताना अम्मा
सूप तेवढं घरी ठेवायची, काम नाही.
ओल्या फडक्यात कापलेली पानं,
डब्यात तंबाखू, कमरेला लाल दोऱ्याचं रीळ,
आणि मी. तिच्या मांडीवर
मी आणि डबा दोघं मावत नव्हतो,
म्हणून मी खाली,
शेंगांच्या टरफलांत.

दारावर सिद्रामप्पा.
बॅटरी आधी डब्यावर मारायचा, मग तिच्या तोंडावर.
"बाई, हे थेटर आहे का कारखाना?"
"दोन्ही," म्हणायची, आणि आत.

लेडीज बाजूला अशा वीस-बावीस जणी.
पडद्यावर बर्फात नाच चाललेला.
बर्फ आमच्यात कुणी बघितला नव्हता,
पंखा फिरायचा तो आवाजापुरता,
आणि अंधारात बोटं पान वळत राहायची,
डोळ्यांना न विचारता.
मध्यंतरापर्यंत दीडशे, शेवटापर्यंत तीनशे.

दुसऱ्या दिवशी चेकर कट्टे सोडून बघायचा.
"बालामणी, या चाळीस छाट. सैल आहेत."
परत येताना अम्मा मला हळूच सांगायची,
"त्या हिरोची आई मेली तेव्हाच्या."

खेळ गिरणीच्या भोंग्यावर लागायचे.
सुटलेली पाळी तशीच आत यायची
केसांत कापूस घेऊन.
झोतात तो उडताना दिसायचा,
आणि वर रशीदभाई ऑपरेटर
पुन्हा पुन्हा काच पुसायचा.
मग गिरणी बंद पडली.
झोत एकदम स्वच्छ झाला.
बाल्कनीत सहा माणसं.

काही वर्षं रविवारी सकाळी तेलुगू खेळ.
मग तेही नाही. मग मंगल कार्यालय.
खुर्च्या उपटल्या, उतार राहिला.
माझं लग्न तिथंच लागलं. पंगत बसली
आणि सगळ्या पत्रावळींवरची आमटी
पडद्याच्या दिशेनं निघाली.
सासरचे चिडले. अम्मा मात्र हसू दाबत म्हणाली,
"जाऊ दे, तिला बघायचंय."

मग टॉवेलांचं गोडाऊन. गाठीवर गाठ, पार बाल्कनीपर्यंत.
कुठल्या कुठल्या देशांतल्या हॉटेलांचे टॉवेल.
आमचे हे तिथंच हमाल होते.
रशीदभाईच्या खिडकीत बसून डबा खायचे,
म्हणायचे, इथून सगळं लहान दिसतं.

मग साथीत खाटा टाकल्या.
त्याबद्दल नको.
त्यांची खाट पुरुष बाजूला होती.

आता अभ्यासिका. महिना नऊशे, एसीचे वेगळे.
उतार भरून घेतला, फरशी सपाट केली.
भिंतीवरची रांगांची अक्षरं मात्र
रंगाच्या दोन हातांतूनही वर येतात.
श्रीलता "जे"खाली बसते.
तलाठ्याची परीक्षा, तिसऱ्यांदा.
तीन तासांसाठी भांडून घेतलेली जागा
आम्हाला कधी पुरली नाही;
ही बारा-बारा तास बसते
आणि समोर नुसती भिंत.

परवा डबा द्यायला गेले.
दारावरचा पोरगा ओठांवर बोट ठेवून म्हणाला,
मावशी, बोलायचं नाही.
मी तिच्या शेजारच्या मोकळ्या खुर्चीवर टेकले.
आणि लाईट गेली.

सगळी पोरं एकदम "ओऽऽ" म्हणाली.
अगदी तसंच,
रीळ तुटल्यावर म्हणायचे तसं.
मला शिट्टी ऐकू येईल असं वाटलं.
कुणी वाजवली नाही.

"आई, काय करतेयस?"
बघितलं तर माझ्या मांडीवर
अंगठा आणि दोन बोटं वळत होती,
पान नाही, तंबाखू नाही,
टोक दुमडून दोरा गुंडाळत होती.
सैल नव्हती, एवढं सांगते.

"काही नाही गं," म्हटलं,
"भाजी गार होईल. खाऊन घे मध्यंतरात."