कडं

गॉथेनबर्गला डिसेंबरात साडेतीनलाच दिवेलागण.
गुनव्हरला त्याचं काही नाही,
तिची खोली सकाळपासूनच काळी:
दाराला काळा पडदा, स्क्रीनच्या लुकलुकीवरही चिकटपट्टी,
आणि नखाएवढ्या काचेत
कोरलेले बोळ.
बोळ तरी कसले,
उजेडाच्या एका लाटेलाही अंग चोरून जाता येणार नाही
इतके अरुंद.

माझं काम बाटल्या धुण्याचं.
पण ती म्हणाली, बस जरा, आकडे लिहून घे.

मोकळ्या पाण्यात ते सूत नसतं, गुंता असतो,
थरथरता, लोकरीच्या गुंड्यासारखा.
बोळात शिरलं की मागं वळायला जागा नाही,
मग मुकाट्यानं सरळ होतं.
ओढावं लागत नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथं जातो, थोडासा.
रंगाचे कण पायरीपायरीत घुसून बसतात,
पीळ सैलावतो, सूत लांबतं
आणि हिरवं पेटतं.
सगळीकडे सारखं नाही;
जिथं दुसऱ्याच एका औषधानं
आधीच रुमाल टाकून जागा धरलीय
तिथं अंधार.
उजेड, अंधार, अंधार, उजेड:
ज्याचा त्याचा नक्षा.

आज तीन नळ्या आल्यात इस्पितळातून.
पाळणा चार. पाळणा सहा.
तिसरीवर रोजीन नर्सच्या बारीक अक्षरात:
खिडकीजवळचं बेसिन.
चार नंबरचं बाळ अकराशे ग्रॅमचं,
आणि त्याच्या रक्तातल्या जंतूंना
आता कुठलंच औषध भीक घालत नाही.

पडद्यावर एक तुकडा. आखूड, पण लख्ख.
गुनव्हर काही बोलत नाही.
ज्या उजेडात ते दिसतं
त्याच उजेडानं ते तुटतं, हे ठाऊक असून
ती दिवा तसाच ठेवते.
कुजक्या कोबीच्या वासाचं एक द्रव आहे,
ते घातलं की सूत जरा तग धरतं.
आज तिनं ते मोजूनच घातलंय,
मोजून म्हणजे कमी.

अकरा सेकंद. सतरा.
बाविसाव्याला तट्‌कन
(आवाज नाही, आवाज माझ्या डोक्यात)
आणि आखूड तुकडा
दोन्हीकडून उलगडत गेला,
दुप्पट लांब, निम्मा फिका.

कडं होतं, ती म्हणाली.
तुटलं म्हणून कळलं.
नाहीतर दुमडलेली दोरीच समजलो असतो आपण.

चारचा नक्षा. सहाचा नक्षा. बेसिनचा.
तिनं एकाखाली एक लावले,
डावीकडे जरा सरकवले, मग उजवीकडे,
मग चष्मा काढून पुसला
आणि परत तेच बघत बसली.
फोनवर रोजीननं विचारलं, किती रेणू बघितलेत?
गुनव्हर म्हणाली, मोजके. उद्या आणखी बघते.
बेसिन मात्र आजच बंद करा.

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.
मग रोजीन म्हणाली,
तिथंच तर आम्ही हात धुतो,
बाळांना उचलण्याआधी.

मी उठले. बाटल्या तशाच पडल्या होत्या.
नळ सोडला, आणि कितीतरी वेळ
जाळीखालच्या काळ्या भोकात
पाणी फिरत फिरत जाताना बघत राहिले,
हात कोरडेच.