आवाज उशिरा येतो

सकाळी सातपासून डेकवर उभे आहोत,
ऑरिनच्या गळ्यात दुर्बीण, माझ्या हातात त्याचा स्कार्फ.
काल रात्रीपासून बोलणं बंद.
कारण सांगण्यासारखं नाही. जहाजाचं बिल.

माइकवर हूना गावची लॉरेन.
म्हणते, इथे आमच्या पणज्यांची घरं होती.
बर्फ धावून आला, आम्ही होड्यांत बसून गेलो.
आता बर्फ मागे सरकतोय
आणि तुम्ही होडीत बसून आलात.
कुणीतरी हसलं. ती नाही हसली.

समोर निळी भिंत. तिचा कोपरा सुटला,
पडला, पाणी उसळलं,
आणि काहीच ऐकू आलं नाही.
नेब्रास्कात वीज चमकल्यावर मोजतो तशी मी मोजू लागले.
चारवर तो गडगडाट,
छातीत आधी, कानात नंतर.
"लांब आहे गं," ऑरिन म्हणाला.

देवमासा आला तेव्हा हा सूप आणायला गेलेला.
काळी, ओली शेपटी वर आली, थांबली, गेली.
परतला तर हातात दोन वाट्या, चष्मा वाफेने पांढरा.
मी सांगितलंच नाही.

रात्री बाल्कनीचं दार उघडं ठेवलं.
आत त्याचं झोपेचं यंत्र, फुस्स, फुस्स.
बाहेर पाण्यावर तसंच काही,
पण सावकाश, फार मोठ्या छातीचं.
कुठला श्वास कुणाचा, लावत पडले होते
तर यंत्र थांबलं.
"ऐकलंस?"
म्हणजे जागाच होता.