बर्फाची जाडी

उपरनाविकच्या खाडीत
बर्फ आधी काठीने ठोकून बघायचा,
मग पाऊल.
हे मला बापाने शिकवलं.
देव मात्र शिकवावा लागला नाही:
अडीच महिन्यांच्या रात्रीनंतर
डोंगरामागून सूर्याची नखाएवढी कड निघते,
तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात.
तेवढ्यावर भागेल, वाटायचं.

मग मार्चात काठी खोटं बोलली.
काळं पाणी. छातीपर्यंत. गळ्यापर्यंत.
वर आभाळ, त्याच्याच हातचं,
पण आभाळाला हात नसतात.
माझं बळ दोन श्वासांत संपलं.
पोटावर सरपटत आली पिपालुक,
माझी भाची,
जिच्याशी मी वर्षभर बोललो नव्हतो.
दोर फेकला.

आता रविवारी पाळक ‘तारण’ म्हणतो
आणि माझ्या काखेत
तो दोर अजून करकचतो.