चावी, चौसष्ट बाय चौसष्ट

पौनीकरांना चावी पाहिजे. लोखंडी.
"कपाटं आमची लोखंडाची न मॅडम,
मंग ॲपवर प्लास्टिक कायले दाखवाचं?"
फोन हिंगण्याहून, मागं पत्रा कापायचा आवाज,
आणि मी महालात, दुसऱ्या माळ्यावर
कूलरमध्ये बादली ओतता ओतता
हो म्हणते.

एक गोल काढला. गोलात भोक.
मग दांडी, मग दात. तीनच,
चार केले की करवत वाटते.
राखाडी भरला: सिमेंट.
कडेनं पांढरा ओढला: साबण.
सावली दिली, सावली पुसली, पुन्हा दिली:
ओल्या फडक्यात गुंडाळलेला मुळा.

दुपारी दोनला, सव्विसाव्या लेयरवर कळलं
की धातूला आपला असा रंगच नसतो.
समोर असेल ते तो अंगावर घेतो.
वर आभाळ, खाली जमीन,
आणि दोघं भेटतात तिथं
एक काळी रेघ, सुरीसारखी.
हळूहळू गडद होतं ते पीठ.
धातू दचकून बदलतो.

तयार क्रोममध्ये निळं आभाळ येतं,
कुठल्या देशाचं कोण जाणे.
मी खिडकी उघडली. झळ आत आली.
मोबाइलवर फोटो काढला, त्यातून ड्रॉपरनं उचललं
मे महिन्याचं पांढरंफटक आभाळ,
समोरच्या गच्चीवरच्या टाकीचा काळा,
आणि वाळत घातलेल्या सांडयांच्या चादरीचा
एक फिकट पिवळा, अगदी काठाला.
चावी जरा जड झाली.
पडली तर आवाज येईल इतकी.

तरी काहीतरी खोटं होतं.

ऊन कललं तशी बडकस चौकात गेले.
शेषरावांच्या सायकलला तारेत ओवलेल्या
शे-दीडशे चाव्या. मी वाकून बघत राहिले.
"पाहून ऱ्हायली का घेऊन ऱ्हायली?"
म्हटलं, माझ्या कपाटाचीच एक करून द्या,
असली तर होतीच पर्समध्ये.
त्यांनी दोन्ही शिकंजात धरल्या,
कानस चालली, लोखंडाचा भुगा मांडीवर.
नवी चावी सगळीकडून सारखीच चकचकीत, अनोळखी.
माझी जुनी मात्र मळकट,
फक्त दातांच्या टोकांना उजेड
आणि डोक्यावर एक डाग, अंगठ्याएवढा.
अकरा वर्षं तिथं माझाच अंगठा.

रात्री नवा लेयर घेतला. नाव दिलं: वापर.
डोक्यावर एक मऊ उजळ ठिपका,
बाकी सगळं थोडं विझवलं.
पाठवलं.
उत्तर तिसऱ्या मिनिटाला:
"जुनी वाटून ऱ्हायली. गिऱ्हाईक म्हणन
सेकंडहँड कपाट हाय का बावा."

वाद घातला नाही. हप्ता पाच तारखेचा.
चमक परत चढवली, मग अजून थोडी,
एका कोपऱ्यात चांदणीसुद्धा ठेवली, चार टोकांची,
जी जगातल्या कुठल्याच चावीवर नसते.
'वापर' मात्र पुसला नाही.
बारा टक्क्यांवर आणून खाली सरकवला.
फाइलचं नाव: चावी_फायनल_आताखरंच.
"हाव, आता लोखंड वाटते," पौनीकर म्हणाले.
"काय केलं?"
"काही नाही, थोडी घासली."

मग सगळ्यात लहान मापात करून पाहिली, सोळा बाय सोळा.
दात गेले. रेघ गेली. चांदणीचा झाला शेंबडा ठिपका.
आभाळ एका चौकोनात मावलं, जमीन एका.
हाताने एकेक चौकोन बसवत राहिले,
एक उजळ, शेजारी एक काळा,
साडेबारा वाजेपर्यंत.

झोपायच्या आधी शेषरावांची चावी लावून पाहिली.
अर्धी फिरली, अडली.
उद्या जाऊन सांगते,
अजून दोन हात मारा म्हणून.