सात मिनिटं

उद्यमनगरात पहिला लेथ फिरायच्या आत
माझ्या दाराचं कुलूप निघतं.
डबे, दुपटी, नावं चिकटवलेल्या बाटल्या,
कुणाचा ताप काल उतरलेला, कुणाचा आज चढणार.
आया लेकरं माझ्या हातात देतात
आणि मागं न बघता जातात.
बघितलं तर पाय निघत नाही.
मीही दोन वर्षं तशीच गेले होते
शिरोलीच्या कारखान्यात, भोंग्याच्या आधी.

पाळणाघर काढलं तेव्हा
हंकारे पेंटरनं विचारलं, पाटीवर काय लिहू?
म्हटलं, नाव बारीक घाला, आकडा मोठा.
मुलं वीस, बायका चार.
तो हसला. "वहिनी, आत माल किती
हे दुकानावर कोण लिहितंय?"
माल नाही, म्हणून तर लिहायचं.

वाक्य छान होतं.
पण बँकेचा हप्ता वाक्यावर भागत नाही.
दुसऱ्या वर्षी विसाची तेवीस झाली.
पाटी तीच राहिली.
कुणी रागावलं नाही, उलट पेढे आले,
"आमच्या बारक्याला घेतलंसा, लई उपकार झाले."
मी पाटीखालनं मान खाली घालून जायची,
उधारी थकलेलं गिऱ्हाईक
दुकानापुढनं जातं तशी.

मग ती दुपार.
मालनचे डोळे तेवीस दुपट्यांवरनं
फिरून फिरून मिटले.
अडीच वर्षांच्या सुफियाननं कडी काढली
(कडी त्याला येते हे कुणाला ठाऊक होतं?)
आणि गल्ली ओलांडली.
सात मिनिटांनी समोरच्या वर्कशॉपमधला बाबू कुरणे
काळ्या हातांनी त्याला घेऊन आला.
"ताई, ह्यो तुमचा न्हवं?"
मुठीत लेथखालच्या किसाची
चकचकीत, कुरळी, धारदार बट.
मूठ सोडवली.
रक्त नव्हतं.

मालन पायाशी बसली.
काय झालं न्हाई, ताई.
पोराला सांगाय येत न्हाई. बाबू बोलायचा न्हाई.
खरंच होतं.
सात मिनिटं जिरवायला
फक्त तोंड मिटायचं होतं.

सहाला तहसीन आली.
मी सांगितलं. कडी, गल्ली, कीस.
"मालनला झोप लागली"
हे ओठावर आलेलं परतवलं.
म्हटलं, वीसची जागा, मी तेवीस घेतली.
चूक माझी.
ती काही बोलली नाही.
पोराची बोटं मोजली, पाच, परत पाच,
आणि अनवाणीच उचलून नेला.
त्याच्या चपला मांडणीवर राहिल्या.

रात्री बावीस घरी फोन केले.
एक बाप म्हणाला, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"
सहा मुलं गेली.
चौघांनी मालनला काढा म्हणून सांगितलं.
तिला ठेवली. दुपारी आता मीही तिच्याशेजारी बसते,
दोघी एकमेकींना चिमटे काढतो.
कडी वर बसवली, बाबूनंच.
माझा पगार बंद.
रात्री फॉल-पिको करते, साडीमागं साठ रुपये.

हंकारेला परत बोलावलं. लिहा, सतरा.
"आकडा उतरता कुणी रंगवतंय व्हय?"
म्हणाला, पण पैसे पुरे घेतले.

आत सोळा आहेत.
परवा एक गृहस्थ मोठ्या गाडीतनं आले,
वर्षाची फी रोख, नातवासाठी.
म्हटलं, सतरावी जागा भरलीय.
त्यांनी आत डोकावून मोजलं असेल,
माझ्याकडं बघून हसले.
हे तत्त्व की हट्ट,
मला अजून उलगडलेलं नाही.
हप्ता पाच तारखेला आहे.

आज सकाळी तहसीन गल्लीच्या तोंडाशी थांबली होती.
पुढं सुफियान, स्कूटरचा आरसा धरून.
तिनं पाटी वाचली,
बराच वेळ.
स्कूटर बंद केली नाही.